सीपॅप की जिभेचा पेसमेकर? ठरवण्याआधी ताडून पाहा

झोपेत घसा मिटून श्वास अडकतो, तो आजार स्लीप अ‍ॅप्निया; त्यावर मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन म्हणजे सीपॅप. रात्री दोन वाजता हा मास्क ओरबाडून काढणाऱ्याला ‘आता यंत्र शरीरातच बसवता येतं’ हे ऐकून हायसं वाटतं. पण या दोन उपचारांचं दुखणं वेगवेगळ्या ठिकाणी आहे. सीपॅप जवळपास प्रत्येक घशात चालतो, फक्त तोंडावर टिकत नाही. इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवलेला हा जिभेचा पेसमेकर, आपल्या जागी टिकतं, पण प्रत्येक घशात चालत नाही.

सीपॅपची हवा (दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका) घसा आतून उघडा धरते. जीभ मागे पडत असो, टाळू लोंबत असो की बाजूच्या भिंती आत येत असोत, हवेला फरक पडत नाही. इम्प्लांटचं काम नेमकं आहे: छातीत उजव्या कॉलरबोनखाली बॅटरी आणि तिथून हनुवटीखाली जिभेच्या नसेला गुंडाळलेल्या छोट्या पट्टीपर्यंत वायर. श्वास आत घेताना नसेला हलका झटका मिळतो आणि जीभ पुढे सरकते. तिच्या ओढीने टाळूही थोडा पुढे येतो, पण सगळ्यांचा नाही.

म्हणून आधी झोपेचं औषध देऊन नाकातून दुर्बीण घालतात आणि टाळू मिटतो कसा ते बघतात. दार लोटल्यासारखा पुढून मागे मिटत असेल तर आशा चांगली. बटव्याची नाडी ओढल्यासारखा चहूबाजूंनी मिटत असेल, तर बहुतेक ठिकाणी इथेच नकार मिळतो. ही तपासणी न करता कुणी थेट शस्त्रक्रियेची तारीख देत असेल तर थांबा. अमेरिकेत २०२३ पासून बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० पर्यंत असलेल्यांना इम्प्लांटची परवानगी आहे. पण इम्प्लांटच्या मूळ चाचणीत ३२ च्या वरचे रुग्ण घेतलेच नव्हते, हे लक्षात असू द्या.

त्या चाचणीचे आकडे नीट वाचावे लागतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १२६ रुग्ण होते. तासाला श्वास अडकण्याचं प्रमाण, म्हणजे एएचआय, मध्यकाने २९.३ वरून वर्षभरात ९ वर आलं. मात्र ‘यशस्वी’ धरले गेले ते सुमारे दोन तृतीयांश, आणि यश म्हणजे एएचआय निम्मा होणं व २० च्या खाली येणं. ४० चा १८ झाला तरी कागदावर यशच! नीट बसलेला सीपॅप बहुधा ५ च्या खाली नेतो. उलट मास्क रोज तीनच तास लावत असाल तर उरलेल्या तासांत त्या ५ ला काही अर्थ नाही.

तेव्हा आधी सीपॅप खरंच हरला आहे का, ते पाहा. मास्क गळतो म्हणून पट्टे आवळले की मास्कची उशी, म्हणजे चेहऱ्याला टेकणारी मऊ कड, चपटी होऊन गळती वाढते. मास्क बसवायचा तो आडवं होऊन, हवा चालू ठेवून. या उशीला चेहऱ्याचं तेल लागतं, ती रोज धुवावी लागते. तोंड उघडं राहत असेल तर नाकाचा मास्क कितीही चांगला असला तरी हवा तोंडावाटे जाते. नळीत पाणी साचतं त्यावर गरम होणारी नळी, पोट फुगतं त्यावर दाब कमी करून पाहणं किंवा दाब आपोआप बदलणारं मशीन. हे सगळं करूनही जमत नसेल, तरच पुढचं बोलणं.

शस्त्रक्रियेनंतर जिभेला काही काळ अशक्तपणा येऊ शकतो, कधी ओठाचा कोपरा खाली राहतो. बहुतेकदा भरून येतं. यंत्र चालू होतं साधारण महिन्याने. तपासणीत व्होल्टेज ०.१ ने वाढवत नेतात: आधी मुंग्या जाणवतात, मग जिभेचं टोक खालच्या दातांपुढे येतं. तिथून पुढची ठरलेली मर्यादा रिमोटवर तुमच्या हातात मिळते, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त गुण नव्हे. जीभ मागे ओढणारे स्नायूही जागे झाले की उलट परिणाम होतो, आणि झटक्याने झोपही मोडते. गुण येत नसेल तर एक पायरी खाली येऊन पाहणं हाही उपाय आहे. खरा आकडा दोन-तीन महिन्यांनी होणाऱ्या स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीत, ठरतो.

सकाळी जिभेखाली चट्टा दिसतो तो खालच्या दातांवर घासल्याने. टोकदार दात घासून घेणं, खाली पातळ गार्ड किंवा इलेक्ट्रोडची मांडणी बदलणं, यापैकी एकाने बहुधा सुटतं. झोप लागण्याआधीच झटके सुरू होत असतील तर सुरुवातीची सवड, जी सहसा ३० मिनिटं असते, वाढवून घ्या. मधेच पाण्याला उठलात तर बंद न करता ‘पॉज’ दाबा, नाहीतर पुन्हा चालू करायला विसरता.

बॅटरी सुमारे ११ वर्षं चालते, मग पुन्हा छोटा छेद. एमआरआयच्या आधी मॉडेलचं कार्ड दाखवावं लागतं, कारण जुन्या मॉडेलांवर बंधनं जास्त आहेत. पुढे दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया झाली तरी सर्जनला आधी सांगावं लागतं. शरीरात बॅटरीच नको असेल तर दोन्ही बाजूंच्या नसांवर चालणारं, रोज हनुवटीखाली पट्टी चिकटवण्याचं यंत्रही आहे. त्याला अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता मिळाली. पण मग रोज रात्री काहीतरी लावणं आलंच.

आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली म्हणून सीपॅप माळ्यावर टाकू नका. यंत्र चालू होईपर्यंतच्या महिनाभरात श्वास पूर्वीसारखाच अडकतो.