शोकेसमधला पिस्टन

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी, शोकेसमध्ये बाबांच्या फोटोशेजारी, इंजिनातला एक पिस्टन चार महिने ठेवलेला होता. रोज फोटोला फूल वाहताना आई एखादी पाकळी त्या पिस्टनवरही ठेवायची. तो पिस्टन आमच्या गाडीचा नव्हताच. कुणाचा होता, देव जाणे.

गाडी येझदी २५०, १९८४ची. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला, त्यामुळे मूळ सुटा भाग हाताशी असेल तर तो जपायचा, एवढं बाबांनी आम्हाला लहानपणीच शिकवलं होतं. ते मिलमध्ये फिटर. १९९१ साली मिल बंद पडली तेव्हा घरातलं बरंच काही विकलं गेलं, येझदी विकली नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलवाल्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बघायला आम्ही चौघं तिच्यावर जायचो. टाकीवर मी, मागे आई, आईच्या मांडीवर ताई. इंदूरच्या माणसाला यापुढे काही सांगायला नको.

२००९ मध्ये बाबा गेले आणि गाडी घराच्या चौकात ताडपत्रीखाली गेली. टाकीतलं पेट्रोल तसंच. ही चूक मात्र आमची, दुसऱ्या कुणाची नाही. मिल कामगारांचे अडकलेले पैसे २०२३च्या डिसेंबरात सुटले, पुढे काही महिन्यांनी बाबांच्या वाट्याचे आईच्या खात्यात आले. आई म्हणाली, "यातले थोडे गाडीला लाव. येत्या चतुर्दशीला मला तिच्यावरनं झांकी दाखव."

जुलैत टेम्पोत घालून गाडी रिंग रोडपलीकडच्या एका गॅरेजात नेली. दारात दोन जुन्या बुलेट, एक राजदूत, भिंतीवर जुन्या गाड्यांचे फोटो. मालक चाळिशीचा, बोलायला गोड. चहा मागवला आणि विचारलं, "पिताजी की है?" झालं. मिल, झांकी, आईचे पैसे, चतुर्दशीची तारीख, सगळं मी त्याच्यापुढे ओतलं. आता आठवतं ते असं, की त्याने गाडीपेक्षा मला जास्त वेळ तपासलं. शेवटी उठून किकचं लिव्हर एकदा पायाने दाबल्यासारखं केलं आणि म्हणाला, "टाइट लग रही है. देखते हैं, भिया." साफसफाई, कार्बोरेटर, पॉइंट, प्लग, बॅटरी, केबल्स मिळून ५,५०० रुपये ठरले.

तीन दिवसांनी फोन. इंजिन सीज आहे, म्हणजे आतून जाम, येऊन बघा. गेलो. हेड काढलेलं, सिलिंडरवर फडकं, आणि टेबलावर एक पिस्टन. अंगावर खोल उभे चरे, एक रिंग तुटलेली. मला कसंतरीच झालं. बाबांची गाडी आपण अशी सडवली, एवढाच विचार मनात. तो हळू आवाजात म्हणाला, "पिताजी की गाड़ी है इसलिए बोल रहा हूँ. ऐसे चलाओगे तो रॉड बाहर आ जाएगी." रिबोअर आणि नवा पिस्टन ६,३००, क्रँक आणि कनेक्टिंग रॉड ८,५००, बेअरिंग-सील २,०००. पुढे वायरिंगचे ३,२०० आणि टायर-ट्यूबचे ४,९०० लागले. एकूण ३०,४००. यातले १८,००० यूपीआयने दिले, ते एका बाईच्या नावावर गेले. बाकी रोख, कारण "माल कॅशमध्येच मिळतो". पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर 'इंजिन काम' आणि एक आकडा.

सिलिंडरवरचं ते फडकं मी उचललं नाही. एवढी एक गोष्ट केली असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

चतुर्दशीच्या दोन दिवस आधी, १५ सप्टेंबरला, गाडी मिळाली. पहिल्या दोन किकमध्ये सुरू झाली, दोन्ही सायलेन्सरमधून तोच जुना आवाज. आई दारात उभी राहून रडली. गॅरेजवाल्याने निघताना जुना पिस्टन फडक्यात गुंडाळून हातात दिला, "निशानी रख लो." तो शोकेसमध्ये गेला.

जानेवारीत गाडीखाली पेट्रोलचं थारोळं दिसायला लागलं. त्या गॅरेजात फोन उचलेनात. मालगंजला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सत्तरीच्या पुढचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे ढकलत नेली. ते खाली वाकले आणि पहिलाच प्रश्न, "कार्बोरेटर किसने बदला?" मी म्हटलं, कुणी नाही. मूळचा जिकोव्ह कंपनीचाच आहे. चाचा हसले. गाडीवर जो होता तो चकचकीत, हलका, अंगावर कुठलंही नाव नसलेला. त्याचा फ्लोट नीट बसत नव्हता म्हणून पेट्रोल वाहत होतं.

मग त्यांनी मला काही न सांगता टॉर्च धरायला लावला आणि इंजिनाचे बोल्ट दाखवायला लागले. इंजिन चॅसिसला जिथे आवळलेलं असतं तिथे नटांभोवती काळा चिकट थर, ऑइल आणि धूळ मिळून दगड झालेला. क्रँक बदलायचा तर इंजिन खाली उतरवून दोन फाकांत उघडावं लागतं. या नटांना पंधरा वर्षांत पाना लागलेला नव्हता. कव्हरच्या स्क्रूंच्या खाचाही मातीने बुजलेल्या. म्हणजे ८,५०० गेले, सीलचे २,०००ही गेले, आणि इंजिन जागचं हललंसुद्धा नाही.

पिस्टनबद्दल मी सांगितलं तेव्हा चाचा म्हणाले, घेऊन ये. घरी आलो, शोकेसमधनं काढला, पाकळ्या झटकल्या. पहिल्यांदाच माथ्यावरचा काजळीचा थर ब्रशने घासला. खाली ठसा होता: ०.७५.

बाबांची मिलची डायरी आईच्या कपाटात होती. फिटर माणूस, प्रत्येक कामाची नोंद. एप्रिल १९९५च्या पानावर: 'रिबोअर ०.२५. सहा महिने पेट्रोलच्या लिटरला ५० मिली ऑइल, मग ४०.' त्यानंतर बोअरची नोंद नाही. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाडीचं मूळ सिलिंडर ६५ मिलिमीटरचं. झिजलं की लेथवर थोडं मोठं करतात, तोच रिबोअर, आणि त्या मापाचा पिस्टन घालतात, ०.२५, मग ०.५०, मग ०.७५. माप पिस्टनच्या माथ्यावर ठोकलेलं असतं. ०.२५च्या सिलिंडरमधून ०.७५चा पिस्टन निघणं म्हणजे लहान बरणीतून मोठं लिंबू काढणं.

चाचांनी हेड उघडलं. आत होता तो पिस्टन ०.२५चाच. बाबांचा. तोंडाशी जरा काजळी, बाकी भिंतीवर हात फिरवला तर गुळगुळीत. मग त्यांनी शोकेसमधला पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर ठेवला. तो आत गेलाच नाही, झाकणासारखा वर बसला. चाचा काही बोलले नाहीत. मीही नाही. मोबाइलवर फोटो काढला तेवढा.

मग गाडी सुरू कशी झाली? कारण तिला फारसं काही झालंच नव्हतं. पंधरा वर्षांचं पेट्रोल वार्निशसारखं घट्ट होऊन कार्बोरेटरचे जेट बुजलेले, टाकीत गंज, पॉइंट काळे पडलेले, ६ व्होल्टची बॅटरी मेलेली. ठरलेल्या ५,५००मध्ये जे होतं तेच काम गॅरेजवाल्याने केलं आणि गाडी चालली. चाचांच्या म्हणण्याप्रमाणे बराच काळ उभी असलेली टू-स्ट्रोक खरंच अडकली तरी आधी हेडला हात लावायचा नसतो. प्लग काढायचा, भोकातून दोन-तीन चमचे ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं. सकाळी गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअर, प्लग बाहेरच, आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे डोलवायचं. किकवर उड्या मारायच्या नाहीत. चाक फिरलं की इंजिन मोकळं. ऑइल सील पंधरा वर्षांत कडक होऊ शकतात, हेही ते म्हणाले, म्हणून त्या माणसाचं बोलणं अगदीच हवेतलं वाटत नव्हतं. सराईत फसवणारा असाच बोलतो, निम्मं खरं.

आणि या परीक्षेला तर माझ्या घरातच साक्षीदार होता. देवासचा माझा भाचा, वय वर्षं अकरा. सगळं ऐकून म्हणाला, "पण मामा, गाडी गॅरेजात जायच्या आधीच्या दिवाळीत मी किक मारली होती ना! खाली गेली होती, फुस्स आवाजपण आला होता." बरोबर. इंजिन जाम असतं तर किक खाली गेलीच नसती. गाडीला हात लावला म्हणून तेव्हा मीच त्याला ओरडलो होतो.

फोटो घेऊन गॅरेजात गेलो. आधी "पुर्जे तो आपने खुद देखे थे", मग "लड़के से गलती हो गई". राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५वर फोन केला होता, तिथल्या मुलीने शांतपणे ऐकून पहिल्यांदा बिलच मागितलं. फाटक्या पानावर दुकानाचं नावही नाही. तरी यूपीआयचे मेसेज, डायरीचं पान आणि तो झाकण झालेला पिस्टन, एवढं टेबलावर मांडून जिल्हा ग्राहक आयोगाचं नाव घेतलं तेव्हा ८,००० परत मिळाले. पुढे आयोगात जायला हवं होतं, दोन वर्षांची मुदत असते, पण आई म्हणाली पुरे. मला अजूनही ते पटलेलं नाही.

आता कुठलीही गाडी कामाला टाकताना मी कार्बोरेटर, कॉइल आणि हेडवर खिळ्याने खूण करतो, फोटो काढतो, आणि जुना भाग निघाला म्हटलं की समोर मोजून घेतो. मापायचा व्हर्निअर पाचशेच्या आत मिळतो.

जिकोव्ह मात्र गेला. "वो तो कबाड़ में गया, भिया." कबाडात नाही गेला, कुणाच्या तरी गाडीवर बसलाय. बाबांनी सेंटर पंचने त्याच्या फ्लोट चेंबरच्या बुडाला तीन ठिपके ठोकलेले होते, त्रिकोणात. रविवारी सकाळी छप्पन दुकानला येझदी-जावा उभ्या दिसल्या की मी पोहे हातात घेऊन त्यांच्या शेजारी उकिडवा बसतो आणि खालून बघतो. लोक विचारतात काय हरवलं. तुमच्या गाडीच्या कार्बोरेटरखाली तसे तीन ठिपके असतील, तर मी तो विकत घ्यायला तयार आहे. कुठून आणला ते विचारणार नाही.