मागचा टायर, नऊ महिने आणि चाळीस रुपयांची रिम टेप

गाडी स्प्लेंडर, तारांची चाकं, मागे ८०/१००-१८ मापाचा, ट्यूबवाला टायर. रोजचा रस्ता डिचोली, मये, चोडण, तिथून फेरीबोटीने रायबंदर आणि पुढे पणजी. येऊन-जाऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. टायर मे महिन्याच्या शेवटी बदलला, आज नऊ महिने आणि साडेनऊ हजार किलोमीटर झाले. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी लिहायला बसलो असतो तर ‘हा टायर घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं. आता तसं म्हणता येत नाही.

जुना टायर मधोमध सपाट झाला होता. नक्षीच्या खाचांत तळाशी जे छोटे उंचवटे असतात, त्यांना रबर टेकलं होतं. दुचाकीला कायद्याने ०.८ मिलिमीटर खोली चालते, पण चोडणच्या धक्क्यावर तो हिशेब चालत नाही. ओहोटीला बोटीची लोखंडी फळी चांगलीच तिरपी होते, वर मांडवीचा चिखल. एका संध्याकाळी चढताना मागचं चाक जागच्या जागी फिरलं आणि गाडी आडवी व्हायला लागली. मागच्या पायलटाने, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याने, कॅरियर धरला म्हणून वाचलो. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून टायर घ्यायला गेलो.

आमच्याकडे उसगावला एमआरएफचा कारखाना, त्यामुळे प्रत्येक घरात त्याचंच नाव. सिएट, टीव्हीएस, अपोलो यांचेही टायर याच मापात मिळतात. मी कुठला घेतला ते लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात टायरचा दोष नव्हता. रोजच्या साध्या वापराला कंपनीपेक्षा तारीख बघावी, असं माझं मत आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ११२२ म्हणजे २०२२ सालचा अकरावा आठवडा. दुकानदाराने आधी काढून दिलेला टायर तीन वर्षं पडून होता. मागितल्यावर चार महिन्यांपूर्वीचा निघाला, किंमत तीच. मागच्या चाकाला ५४पी हा आकडाही बघून घ्या, म्हणजे २१२ किलोपर्यंत भार. पुढच्या टायरचं माप तेच असतं, पण त्यावर ४७पी, म्हणजे १७५ किलो.

‘थोडा जाड घाला, ९०/९०, गाडी भारदस्त दिसते’ असा आग्रह झाला. हिशेब केला तर उंचीत फरक जेमतेम दोन मिलिमीटर आणि रुंदीत दहा. त्या दहासाठी जादा पैसे द्या आणि वर ॲव्हरेज घालवा. नको म्हटलं. टायर १८५० रुपये, बसवायचे वेगळे.

बसवताना दुकानदाराने ट्यूब जुनीच घातली. ‘चांगली आहे, तीनशे वाचतील’ म्हणाला आणि मीही मान डोलावली. वापरलेली ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि त्या घडीवर ती घासून चिरते. जूनच्या मध्यावर भर पावसात रायबंदरला उतरलो तेव्हा मागचं चाक बसलं होतं. ट्यूब काढली तर बरोबर घडीवर चीर. नवी ब्युटाइलची ट्यूब घेतली, ३२० रुपये. साध्या रबरापेक्षा ब्युटाइलमधून हवा फार हळू झिरपते, तेवढे पैसे मला पटतात.

जुलैत पुन्हा पंक्चर. टायर आतून हाताने चाचपला, खिळा नाही, काच नाही. तेव्हा मला खात्रीच पटली की टायरच पातळ आहे. दुकानात गेलो, बदलून मागितला. ‘पंक्चर वॉरंटीत येत नाही’ हे एकच वाक्य तीनदा ऐकवलं. मीही आवाज चढवला, उपयोग शून्य.

तिसरं पंक्चर माटोळीच्या बाजाराच्या दिवशी (माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती). मागे बायको, तिच्या मांडीवर सुपाऱ्यांचा घोस आणि तोरिंगणं (पपनसं), पुढे टाकीवर नारळ. मयेच्या उतारावर मागचं चाक डुलायला लागलं. ‘अहो, पुन्हा?’ एवढंच ती म्हणाली. तिला सामानासकट मिळेल त्या रिक्षात बसवलं आणि गाडी ढकलत एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्याच्यासमोर मी टायरला शिव्या घालत होतो. तो शांतपणे म्हणाला, ‘टायराक कित्याक गाळी दितात? रिम पळयात.’ म्हणजे टायरला शिव्या कशाला, रिम बघा.

त्याने ट्यूब फुगवून चाकावर ठेवली, वॉल्व्ह भोकासमोर आणला आणि आधीचा पॅच व नवं भोक दोन्ही दाखवलं. टायरमधून खिळा घुसला तर भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला पडतं. माझी दोन्ही भोकं आतल्या अंगाला, रिमकडे, आणि वॉल्व्हपासून वीतभर अंतरावर एकाच जागी. मग त्याने माझं बोट धरून रिमच्या आतून फिरवलं. तिथे तारांच्या टोकांवर जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी होती, तीही एका बाजूला सरकलेली. तीन टोकं उघडी. त्यांतली एक तार निपलच्या, म्हणजे तार रिममध्ये आवळणाऱ्या छोट्या नटाच्या बाहेर तांदळाएवढी आली होती आणि बोटाला टोचत होती. भोवती गंजाचे पापुद्रे. एप्रिलमध्ये त्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतला होता. तारा आवळल्या की टोकं वर येतात. ती घासायची असतात, कुणी घासली नव्हती.

इथे माझं टायरबद्दलचं मत बदललं, आणि राग सगळा त्या पट्टीकडे वळला. रिम टेप, म्हणजे तारांची टोकं झाकणारी तयार पट्टी, ही चाळीस रुपयांची वस्तू आहे. नवा टायर घालताना चाक उघडलेलंच असतं, दोन मिनिटांचं काम. तरी ‘ती कोण घालतो हो’ असं मला दोन दुकानांत ऐकावं लागलं आणि म्हापशात तिसऱ्या दुकानात ती मिळाली. दोन घेतल्या. तीन पंक्चर, एक ट्यूब, वाया गेलेली अर्धी रजा: सहाशेच्या वर गेले, त्यातली शेवटची दोन पंक्चर निव्वळ या चाळीस रुपयांपायी. टायरच्या दुकानाने बिलातच टेप धरावी, मी एका शब्दाने घासाघीस करणार नाही.

म्हाताऱ्याने कानशीने टोकं घासली, पॉलिश पेपरने गंज काढला, टेप सपाट बसवली. टायरच्या आत टाल्कम पावडर भुरभुरली, ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मगच ती आत सारली, म्हणजे लिव्हरखाली चिमटत नाही. वॉल्व्हचा नट त्याने रिमला आवळला नाही, वर टोपीकडे नेऊन ठेवला. हवा कमी झाली की ट्यूब टायरबरोबर सरकते आणि वॉल्व्ह तिरपा दिसतो. नट आवळलेला असेल तर तिरपा न होता मुळातून फाटतो. डिसेंबरात एकदा वॉल्व्ह कललेला दिसला, हवा बघितली तर खरंच उतरली होती. तेव्हापासून दर सोमवारी हवा भरतो, चेन कव्हरवरच्या स्टिकरवर दिलाय तो आकडा पाहून, पंपावरचा मुलगा सांगेल तो नाही.

टायरबद्दल थोडक्यात. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर तो गुळगुळीत वाटतो, तेव्हा ओल्यात जपा. पुढे पावसाळाभर चोडणच्या फळीवर एकदाही घसरला नाही. मधली नक्षी अजून निम्म्याहून जास्त आहे. ॲव्हरेजमध्ये फरक नाही. चवथीपासून पंक्चर शून्य. पाचपैकी चार.

गेल्या आठवड्यात ब्रेक शू बदलायला मागचं चाक काढलं तेव्हा टायर एका बाजूने उचलून टेप बघितली. जागच्या जागी, कोरडी. दुसरी टेप कपाटात आहे, येत्या रविवारी पुढचं चाक उघडतो.