ईसीएचएस कार्ड आणि आमचं पॉलिक्लिनिक : १४ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मंगळवारी पहाटे साडेपाचच्या एसटीने आईला घेऊन ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकला (योजनेच्या दवाखान्याला) निघालो. ४२ किलोमीटर. पोहोचलो तर दारावर कागद चिकटवलेला : 'वैद्यकीय अधिकारी उपलब्ध नाहीत. जुन्या चिठ्ठीवर औषधे मिळतील.' जुनी चिठ्ठी खिडकीत सरकवली. सहापैकी दोन गोळ्या मिळाल्या. उरलेल्या चारांपुढे लाल पेनने 'एनए', म्हणजे 'उपलब्ध नाही'. आई बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला 'चल, झालं' एवढंच म्हणालो आणि परतीची गाडी धरली. घरी आल्यावर हात धुऊन हे लिहायला बसलो आहे.

योजना काय, कार्ड कसं काढायचं, कोणत्या कागदांची झेरॉक्स लागते हे पेन्शनला आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यात जात नाही.

मी २४ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलो. निघताना ईसीएचएसचे ३०,००० रुपये कापले गेले. जेसीओंचे (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,००० आणि ऑफिसरांचे १ लाख २० हजार जातात, म्हणजे आमचे कमीच. पण घराचा स्लॅब अर्धवट होता आणि ते तीस हजार मला फार जाणवले. म्हणून पहिल्या दिवसापासून या कार्डाची एक वही ठेवली आहे. तारीख, एसटीचं भाडं, मिळालेलं औषध, न मिळालेलं औषध, बाहेर दुकानात दिलेले पैसे. वडील नाहीत. आईचं उत्पन्न ९,००० च्या मर्यादेत बसतं, त्यामुळे ती अवलंबित म्हणून कार्डावर आहे. तिला साखर आणि बीपी दोन्ही. वहीतली बहुतेक पानं तिचीच.

आता एनएबद्दल. लोक म्हणतील एवढं काय त्यात, पण माझा सगळा राग तिथेच आहे. बीपीची टेल्मिसार्टन ४० ची गोळी मला १४ महिन्यांत फक्त पाच वेळा मिळाली. बाकीच्या वेळी 'उद्या-परवा लोकल केमिस्टकडून येईल, घेऊन जा.' उद्या-परवा म्हणजे पुन्हा ८४ किलोमीटरचा फेरा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे आईचं भागतं, माझं पूर्ण लागतं. गोळ्या बाहेर घ्यायच्या तर बिल लावा : मूळ पावती, चिठ्ठीची प्रत, एनएची नोंद, बँकेचा रद्द चेक. १८० रुपयांच्या गोळ्यांसाठी ४० रुपयांच्या झेरॉक्स होतात. एकदा खिडकीवरून ८० ची पट्टी दिली आणि सांगितलं, अर्धी करून घ्या. आई रोज सकाळी ओट्यावर विळीवर गोळी ठेवून दाबायची. कधी बरोबर दोन भाग व्हायचे, कधी निम्मी गोळी भुगा होऊन जायची. त्या दिवशी तिला किती डोस गेला हे कोणी सांगावं? पहिले पाच महिने मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की तीस हजार पाण्यात गेले.

ते मत डिसेंबरात बदललं. रात्री साडेदहाला आईचं बोलणं अडखळायला लागलं, तोंड एका बाजूला ओढलं, उजवा हात उचलेना. शेजाऱ्याच्या गाडीतून थेट पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर कार्ड ठेवलं तरी '५० हजार डिपॉझिट भरा, मग बघू.' माझ्याकडे खिशात साडेतीन हजार होते. पॉलिक्लिनिकच्या भिंतीवर लिहिलेला नंबर फोनमध्ये होता, तो लावला. पॉलिक्लिनिकात डेटा एंट्रीला बसणारा आमचा एक माजी नाईक आहे, त्याने रात्री पावणेबाराला फोन उचलला. म्हणाला, फोन काउंटरवाल्याकडे द्या. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण डिपॉझिटचा विषय तिथेच संपला. इमर्जन्सीत रेफरलची चिठ्ठी आधी लागत नाही, हॉस्पिटलने ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं, हा नियम मला तेव्हा नीट माहीत नव्हता. त्याला होता. आई नऊ दिवस आत होती. बिल २ लाख ८७ हजारांचं झालं. मी फक्त सही केली. वहीत त्या पानावर 'दिलेले पैसे' या रकान्यात शून्य आहे. हात आता बराच सुधारला आहे, भाकरी थापते.

हेच काम गावापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या पॉलिक्लिनिकात बसलेल्या, मला न ओळखणाऱ्या माणसाने केलं असतं का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. गावातले एक सुभेदार काका सांगतात, ही योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. त्याआधी पेन्शनर मोठ्या दुखण्याने आजारी पडला की खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल नाहीतर वानवडीचं कमांड हॉस्पिटल, दुसरा मार्ग नव्हता. पुण्यात नातेवाईक असेल त्याचं निभायचं. बाकीचे गावातल्या डॉक्टरकडे उधारी करायचे. पॉलिक्लिनिक जवळ आलं तेव्हा लोक सकाळी सातला रांगेत उभे राहायला लागले, ते अजून राहतात.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचंही थोडक्यात लिहितो. पार्ट टू ऑर्डरमध्ये (नोकरीतल्या कौटुंबिक नोंदींचा लष्करी कागद) बायकोच्या नावात इंग्रजी दोन ई, आधारवर एक आय. त्या एका अक्षरामुळे तिचं कार्ड चार महिने अडलं. तिथल्या बाबूने समोर बसवून अर्ज लिहून घेतला, रेकॉर्ड ऑफिसला कोणती कागदपत्रं जोडायची ते सांगितलं आणि काम झालं. पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर हयातीचा दाखला भरतानाही त्यांचीच मदत झाली. ऑनलाइन सगळं असलं तरी आमच्यातल्या निम्म्या वीरपत्नींना त्या खुर्चीसमोर बसल्याशिवाय ओटीपी म्हणजे काय तेही कळत नाही.

आता परिस्थिती अशी आहे. पॉलिक्लिनिकमधले डॉक्टर, फार्मासिस्ट, अटेंडंट सगळे करारावर. आमच्या डॉक्टरांचा करार संपला, नवीन अजून आले नाहीत. रांगेत बोललं जातंय की हे पॉलिक्लिनिक मोठ्या शहरातल्याला जोडणार. कागद कुणी पाहिलेला नाही. पण एनएला कंटाळून आमच्या गावातले सात-आठ जण यायचेच बंद झाले आहेत, आणि त्याची मला जास्त भीती वाटते. कोणत्या भागात किती माजी सैनिक आहेत यावर पॉलिक्लिनिक ए, बी, सी की डी वर्गाचं हे ठरतं, आणि त्यावर किती माणसं मिळणार ते ठरतं. आपणच रजिस्टरात दिसेनासे झालो तर डॉक्टर मागायचे कुणाच्या नावावर?

म्हणून माझी एक विनंती आहे. 'नाहीये' असं तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. चिठ्ठीवर एनए लिहून घ्या, खाली तारीख घ्या, मोबाइलवर फोटो काढा. तोंडी नाही म्हटलेल्या गोळीची मागणी कागदावर कुठेच उरत नाही. माझ्या वहीत १४ महिन्यांत ३१ एनए आहेत. त्यांची यादी करून मी पॉलिक्लिनिकच्या ऑफिसर इनचार्ज साहेबांना दिली, एक प्रत लष्कराच्या स्टेशन हेडक्वार्टरला आणि एक ईसीएचएसच्या पुण्याच्या रीजनल सेंटरला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. साहेबांनी यादी शांतपणे वाचली आणि टेल्मिसार्टनची मागणी माझ्यासमोर वाढवून लिहिली. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण खिडकीवर मी आधी दोनदा आवाज चढवला होता, त्याने एकही गोळी मिळाली नव्हती. फार्मासिस्ट ताईंची मी माफी मागितली आहे.

पाचपैकी किती, असं कुणी विचारलं तर औषधाच्या खिडकीला दोन आणि रात्री फोन उचलणाऱ्या माणसाला पाच. त्याचा करार मार्चमध्ये संपतो. तो वाढवावा आणि डॉक्टर लवकर द्यावा या अर्जावर आत्तापर्यंत ६३ सह्या झाल्या आहेत. आईनेही केली, उजव्या हाताने, वेळ लागला. पुढच्या सोमवारी पहिल्या एसटीने पुन्हा जातोय. पंचक्रोशीतल्या ज्यांना सही करायची आहे त्यांनी साडेपाचला स्टँडवर भेटावं, कागद माझ्याकडे असेल.