सायकॉलॉजी की सायकियाट्री? अकरावीचे विषय भरायच्या आधीच बघून घ्या

नीटचा निकाल लागला की दरवर्षी ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, "मॅडम, पोरीले मार्क कमी पडले, मंग थे सायकॉलॉजीवालं डॉक्टर करून टाकू का?" तर आधी हेच क्लिअर करते. सायकॉलॉजी म्हणजे हुकलेल्या एमबीबीएसचा मागचा दरवाजा नाही. सायकियाट्रिस्ट म्हणजे मनाच्या आजारांवर औषधं देणारा डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट बोलून आणि टेस्ट घेऊन काम करतो. शिक्षण वेगळं, काम वेगळं, कायद्यानं मिळणारे हक्कपण वेगळे. मी नागपुरातच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सायकियाट्रिस्टच्या बाजूच्याच खोलीत बसते, त्यामुळे दोन्हीकडचं रोज बघायला मिळतं.

सायकियाट्रिस्ट व्हायचं असेल तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी पाहिजे, मग नीट, मग साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट पीजी आणि तीन वर्षं एमडी किंवा त्याच तोडीचं डीएनबी. सायकॉलॉजीला बारावी कोणत्याही शाखेतून चालते. तीन वर्षांची डिग्री (नव्या पॅटर्नमध्ये चार), दोन वर्षं एमए किंवा एमएस्सी, आणि क्लिनिकल करायचं तर त्याच्यावर आतापर्यंत दोन वर्षांचं एमफिल. आता बेरीज करून बघा, सायकियाट्रीला साडेआठ आणि सायकॉलॉजीला सात. बहुतेक आईबाबांना वाटतं की सायकॉलॉजी म्हणजे पाच वर्षांत पोरगी कमवायला लागेल, पण पूर्ण तयार झालेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिस्ट यांच्यात वर्षांचा फरक एवढासाच असतो. हो, नीटसाठी घेतलेले ड्रॉप आणि सरकारी कॉलेजचं एक वर्षाचं बॉण्ड (सरकारी दवाखान्यातली सक्तीची सेवा) धरलं तर डॉक्टरकीचा हिशोब वाढतो हे खरंय. खरा फरक मधल्या वर्षांत पडतो. एमडी करणाऱ्या रेसिडेंटला दर महिन्याला स्टायपेंड मिळतो, आणि आमच्या बाजूला त्याच वयात बरेच जण अजून घरून फी भरत असतात.

सायकियाट्रीची आवड आहे म्हणणाऱ्या पोरांना मी एकच विचारते, डिसेक्शन हॉल, लेबर रूमच्या नाइट ड्युट्या, सर्जरीचा वॉर्ड हे सगळं साडेपाच वर्षं मनापासून करशील का? कारण एमबीबीएसमध्ये सायकियाट्रीच्या वाट्याला काही आठवड्यांची पोस्टिंगच येते, बाकी सगळं शरीर. ज्याला शरीराचं कुतूहलच नाही, फक्त माणसं समजून घ्यायची आहेत, त्याचा त्या वर्षांत दम निघतो. पण ते शिक्षण वाया जात नाही बरं का. थायरॉइड बिघडला तरी माणूस डिप्रेशनमध्ये असल्यासारखा दिसतो, म्हातारा माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखा बोलायला लागला तर कधीकधी कारण युरीनच्या इन्फेक्शनचं निघतं, आणि हे ओळखायला डॉक्टरचीच नजर लागते.

आता प्रत्यक्ष काम बघा. समजा गोंदियाकडून एक कुटुंब आलं, पोरगा चार-पाच रात्री झोपला नाही, सारखा बोलतोय, दुकानाचे पैसे वाटत सुटलाय, मी मोठा माणूस होणार म्हणतोय. सायकियाट्रिस्ट घरच्यांना विचारतो की आधी असं झालं होतं का, घरात कोणाला आहे का, नशा करतो का, मग बायपोलर (कधी असा अति उत्साह, तर कधी खोल उदासी असा आजार) वाटला तर लिथियम या औषधाचा विचार करतो. पण लिथियम असंच देता येत नाही. आधी किडनी आणि थायरॉइडच्या टेस्ट, मग दर काही दिवसांनी रक्तातली लेव्हल, कारण कमी झालं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर विषबाधा. प्रत्येक भेटीत हात पुढे करायला लावून थरथर बघायची, पाणी किती पितो विचारायचं. सरकारी ओपीडीत हे सगळं काही मिनिटांत करावं लागतं कारण बाहेर लाइन लागलेली असते, नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं किंवा मानकापूरकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय कुठेही जाऊन बघा, विदर्भाबरोबर छिंदवाडा, बालाघाटकडचेपण पेशंट असतात. (त्या मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात, मला ते ऐकताना दरवेळी त्रास होतो.)

माझ्या खोलीत काम हळू चालतं. ओसीडी (नको असलेला विचार सारखा येतो आणि तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागते असा आजार) असलेली पोरगी दाराच्या कडीला हात लावला की पंधरा वेळा धुते. तिच्यासोबत आधी आम्ही यादी करतो, कोणत्या गोष्टीची भीती शंभरपैकी किती, आणि कमी आकड्यापासून सुरू करून हळूहळू कडीपर्यंत येतो. कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. ती बसून राहते, डोळ्यात पाणी येतं, मी दर पाच मिनिटांनी विचारते आता किती, ऐंशी, पंच्याहत्तर, साठ. आकडा आपोआप उतरतो हे तिला स्वतःला दिसायला पाहिजे, मी सांगून उपयोग नसतो. एका सेशनला पाऊण-एक तास जातो आणि असे आठवडेच्या आठवडे. याशिवाय टेस्टिंग हा आमचा मोठा भाग आहे, मुलांचा आयक्यू, लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी, पर्सनॅलिटीच्या टेस्ट. भारतभर मुलांसाठी वापरतात ती मालिनची बुद्धिमत्ता चाचणी आपल्या नागपूरच्या चाइल्ड गाइडन्स सेंटरमधल्या डॉ. मालिन यांनी बसवली, हे इथल्या सायकॉलॉजीच्या पोरांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

हक्कांचं सरळ आहे. भारतात गोळ्या लिहायचा अधिकार सायकॉलॉजिस्टला नाही, कितीही पीएचडी असली तरी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मान्यता आहे, पेशंटला त्याच्या संमतीशिवाय भरती करायचं तर दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक सायकियाट्रिस्टच पाहिजे, दुसरा मात्र आमच्यातला असू शकतो. म्हणजे वजन आहे, पण शेवटची वैद्यकीय जबाबदारी डॉक्टरची. ज्याला हे आयुष्यभर खटकेल त्यानं आत्ताच नीटच्या तयारीला लागावं.

पैशाचं लपवून ठेवत नाही. नवा सायकियाट्रिस्ट नागपुरातच काय, यवतमाळ-चंद्रपूरला बसला तरी लवकर चालतो, कारण डॉक्टर कमी आणि गरज खूप, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात साधारण दहातल्या एका प्रौढाला मानसिक आजार सापडला होता. सायकॉलॉजिस्टची सुरुवात हळू होते. शाळेत काउन्सेलर, एखाद्या हॉस्पिटलमध्ये कमी पगारावर, एनजीओ, मग ऑनलाइन सेशन्स. फी देऊन तासभर बोलायचं हे आपल्याकडच्या घरांना अजून पटत नाही, "नुसतं बोलायचे पैसे?" हे मी अजून ऐकते. पण सायकॉलॉजीला फाटे जास्त आहेत, कंपन्यांचं एचआर, शिक्षण, रिसर्च, खेळाडूंसोबतचं काम. क्लिनिक नको वाटलं तर माणूस अडकत नाही, एमडी झालेल्याला तेवढं मोकळं वळता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच पोरं फसतात. नुसत्या एमएवर कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला कोर्स आणि आरसीआयचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि त्या सीट्स फारच थोड्या असतात, बेंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी अशा मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेला देशभरातून पोरं बसतात. त्यात एमफिल बंद करायचं यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) ठरवलं, क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती, म्हणून पुढे साय.डी. (सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) सारखे कोर्स बघावे लागतील. नोकरी करता करता घरबसल्या एमए करू म्हणणाऱ्यांनी हेपण ऐका, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीनं सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला मनाई केली आहे. आणि ते वीकेंडचे "सर्टिफाइड थेरपिस्ट" कोर्स, त्याच्यावर पेशंट घेऊन बसू नका, समोरचा माणूस जीव द्यायच्या विचारात आला असेल तर काय करायचं, हे त्या सर्टिफिकेटनं तुम्हाला शिकवलेलं नसतं.

माझं मत विचाराल तर, बायोलॉजी आवडते, घाईत निर्णय घेता येतात, इमर्जन्सीत हात थरथरत नाही, त्यानं सायकियाट्री घ्यावी. जो एकाच माणसासोबत महिनोन्‌महिने तेच तेच न कंटाळता ऐकू शकतो आणि पहिली काही वर्षं घरची परिस्थिती त्याला सांभाळू शकते, त्यानं सायकॉलॉजी. दोन्ही पारड्यात सारखं वजन वाटत असेल तर अकरावीला बायोलॉजी सोडू नका, सायन्सवाल्याला नंतर सायकॉलॉजीकडे येता येतं, उलटं फार अवघड पडतं. आणि क्लिनिकलच्या कुठल्याही कॉलेजला फी भरायच्या आधी आरसीआयच्या वेबसाइटवर त्या कोर्सचं नाव, कॉलेजचं नाव आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे ते स्वतः बघा, ऑफिसमधल्या बाबूच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.