आमचाच बॅकअप आम्हालाच ‘रिकव्हरी’ म्हणून विकला

आमच्या कंपनीची कॉम्प्युटर सिस्टीम मी सांभाळते. सर्व्हर बंद पडला, डेटा रिकव्हरीवाल्याला बोलावलं, त्याने भरमसाट पैसे घेऊन डेटा आणून दिला. नंतर कळलं की तो डेटा आमच्याच बॅकअपमधून काढलेला होता. ज्या डिस्क ‘मेल्या’ म्हणून त्याने नेल्या, त्यांच्यावर काहीही काम झालं नव्हतं. त्याचं प्रत्येक पाऊल त्या वेळी रीतसर वाटत होतं, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

सर्व्हरमध्ये रेड ५ मध्ये लावलेल्या चार हार्ड डिस्क होत्या. रेड ५ म्हणजे डेटा तुकड्यांत अनेक डिस्कवर वाटून ठेवण्याची पद्धत. रविवारी पहाटे पूर्ण बॅकअप व्हायचा, तो एका बाहेरच्या डिस्कवर. सोमवार ते शनिवार रोज रात्री इन्क्रिमेंटल, म्हणजे आदल्या बॅकअपनंतर जेवढं बदललं तेवढंच; ते दुसऱ्या ठिकाणच्या स्टोरेजवर, पासवर्ड लावून. एका शुक्रवारी दुपारी सर्व्हर अडकला आणि रीस्टार्ट केल्यावर चारही डिस्क दिसेनाशा झाल्या.

रेड ५ मधली एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, दोन गेल्या की बंद. पण चारही डिस्क सहसा एकाच क्षणी मरत नाहीत. एकदम सगळ्या गायब झाल्या तर आधी संशय घ्यायचा तो डिस्कना सर्व्हरशी जोडणाऱ्या कंट्रोलर कार्डवर, केबलवर, पॉवर सप्लायवर. रिकव्हरीचा धंदा करणाऱ्याला हे माहीत नसेल, यावर माझा अजिबात विश्वास नाही.

रिकव्हरीवाल्याने एक डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. स्क्रीनवर ‘डिस्क इनिशियलाइझ करा’ असा संदेश आला. “बघा मॅडम, सगळं उडालंय. बाकीच्यांचंही हेच असणार. हेड गेलेत, क्लीन रूममध्ये उघडाव्या लागतील.” हेड म्हणजे डिस्कमधला डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, आणि क्लीन रूम म्हणजे डिस्क उघडण्याची धूळमुक्त खोली. मालक शेजारीच उभे होते, त्यांचा चेहरा पडला. आता सांगते, रेड ५ मधली एकटी डिस्क साध्या लॅपटॉपला जोडली की ती धडधाकट असली तरी बहुतेकदा असंच दिसतं. तिच्यावर फाइलींचे फक्त तुकडे असतात, ते विंडोजला वाचता येत नाहीत. आणि हेड खरंच गेलेली डिस्क बहुतेक वेळा टकटक आवाज करते किंवा ओळखलीच जात नाही. ही तर शांतपणे ओळखली गेली होती, साइजही बरोबर दाखवत होती.

मी म्हटलं, आमच्याकडे बॅकअप आहे, आधी तो टाकून बघू. त्यावर तो म्हणाला, “आत्ता रिस्टोर मारू नका. बॅकअप करप्ट निघाला तर आहे तेही जाईल.” यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पटतं. बिघडलेल्या मूळ डिस्कवरच रिस्टोर केलं तर जुना डेटा पुसला जातो. पण दुसऱ्या मशीनवर, नव्या डिस्कवर रिस्टोर करून पाहण्यात मूळ डिस्कना काडीचा धोका नसतो. हा फरक त्याने मुद्दाम गाळला.

बॅकअप ऐन वेळी दगा देतात ही भीतीही खोटी नाही. 31 जानेवारी 2017 ला प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून डिलीट झाला, तेव्हा त्यांच्या रोजच्या डेटाबेस बॅकअपची जागा रिकामी निघाली. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्याने तो बॅकअप गुपचूप फेल होत होता. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, हाताशी होता, त्यावरून त्यांनी सगळं उभं केलं. पण बॅकअपची शंका आली तर तो तपासायचा. न तपासताच बाजूला ठेवायला सांगतो, त्याचा हेतू वेगळा असतो.

निघताना त्याने बाहेरची बॅकअप डिस्कही मागितली. “फोल्डरचं स्ट्रक्चर मॅच करायला लागतं.” सगळा खेळ या एका वाक्यात होता. मेलेली डिस्क आणि चालू बॅकअप एकाच माणसाच्या हाती एकत्र देऊ नका. सॅम्पल हवं असेल तर दोन-चार फाइली कॉपी करून द्या.

‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. पुढे त्याने फाइलींच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर मोठा ॲडव्हान्स घेतला, आणि डिलिव्हरीच्या वेळी ‘डेटा समाधानकारक मिळाला’ या छापील कागदावर सही घेतली. रविवारनंतरचं काहीच नाही, असं मी म्हटल्यावर उत्तर तयार होतं: तेवढा भाग प्लॅटरवर, म्हणजे डिस्कच्या आतल्या तबकडीवर, खरवडला गेलाय, जगात कोणीही काढू शकणार नाही.

पितळ उघडं पडलं ते एका फाइलीमुळे. ‘दरपत्रक_जुने_वापरू_नये’ नावाची एक्सेल फाइल मी स्वतः सोमवारी डिलीट केली होती, रिसायकल बिनमधूनही. त्याने दिलेल्या डेटात ती जागच्या जागी होती, त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने. मंगळवारी मी ज्या फोल्डरचं नाव बदललं, त्याचंही जुनंच नाव होतं. मग तारखा लावून पाहिल्या: रविवारी पहाटे बॅकअप सुरू झाला त्यानंतरची एकही फाइल नाही. डिस्कवरून काढलेला डेटा असा सुरीने कापल्यासारखा एका वेळेला थांबत नाही. त्यात बुधवारचं थोडं असतं, गुरुवारचं थोडं असतं, काही फाइली फुटलेल्या असतात.

दुसऱ्या एका जाणकाराला डिस्क दाखवल्या. चारींची सीलं शाबूत, म्हणजे त्या कोणी उघडल्याच नव्हत्या. आमचं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर रोज रात्री डिस्कचे स्मार्ट रीडिंग, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीचे ठेवलेले आकडे, नोंदवतं, तेही जुळवलं. डिस्क किती तास चालली आणि किती वेळा चालू झाली हे आकडे डिस्क स्वतःच मोजते. आमच्या डिस्कवर शुक्रवारी दुपारपर्यंतचेच तास वाढलेले होते. लॅपटॉपला जोडलेल्या त्या एका डिस्कला सोडलं तर नंतर एकही डिस्क फिरलीच नव्हती. बिघाड होता कंट्रोलर कार्डात. त्याच मॉडेलचं दुसरं कार्ड आणून, डिस्कवर लिहिलेलं रेडचं कॉन्फिगरेशन त्यात इम्पोर्ट केल्यावर शुक्रवार दुपारपर्यंतचा डेटा समोर आला. त्याआधी त्या जाणकाराने चारही डिस्कच्या सेक्टर-टू-सेक्टर, म्हणजे कणाकणाने जशाच्या तशा, कॉपी करून घेतल्या. खरं काम करणाऱ्याची पहिली हालचाल हीच असते.

आणि समजा डिस्क खरंच गेल्या असत्या, तरी रविवारच्या पूर्ण बॅकअपवर सोमवार ते गुरुवारचे इन्क्रिमेंटल ओळीने चढवून आम्ही गुरुवार रात्रीपर्यंत पोचलो असतो. मधला एक जरी इन्क्रिमेंटल खराब असता, तर साखळी तिथेच तुटली असती. लॅबमधली रिकव्हरी लागली असती ती फक्त राहिलेल्या शुक्रवारसाठी. तेवढ्या कामाची किंमत ठरवणं वेगळं, आणि सगळंच गेलं असं समजून ठरवणं वेगळं. मालकांसमोर हा हिशेब येऊ नये, यासाठीच त्याची धडपड होती.

रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, बाबतीतही याच जातीची फसवणूक उघड झालेली आहे. 2019 मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकन वृत्तसंस्थेने अमेरिकेतल्या दोन रिकव्हरी कंपन्यांबद्दल छापलं. ‘आमच्या तंत्राने डेटा सोडवतो’ म्हणत त्या अनेकदा हल्लेखोरांना गुपचूप खंडणी देत आणि वर आपला नफा लावत. काही रॅन्समवेअरच्या चाव्या तर युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस यंत्रणा) आणि डच पोलिसांनी काही कंपन्यांसोबत 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या वेबसाइटवर फुकट मिळतात. पैसे देण्याआधी तिथे पाहून घ्या.

कोणी फाइलींची यादी दाखवून पैसे मागत असेल, तर शेवटच्या बॅकअपनंतर तयार झालेल्या एखाद्या फाइलीचं नाव सांगा आणि ती तुमच्यासमोर उघडायला लावा. यादी कुठूनही आणता येते, ती फाइल आणता येत नाही. पैसे त्यानंतर, आणि सही सगळ्यात शेवटी.

ही वेळ तुमच्यावर येऊन गेली असेल, तर त्याने दिलेली डिस्क वापरायला घेऊ नका. ती तशीच बाजूला ठेवा, तिची इमेज (पूर्ण कॉपी) काढून हॅश, म्हणजे त्या कॉपीचा डिजिटल ठसा, लिहून ठेवा, मेल आणि मेसेज जपा. तक्रार करताना आम्हाला तारखांची यादी आणि स्मार्टचे आकडे सर्वात उपयोगी पडले. पैशांचं भांडण अजून चालू आहे. पण आमच्या ग्राहकांचा डेटा असलेल्या त्या बॅकअपची कॉपी त्याच्याकडे राहिली का, याचं उत्तर आम्हाला मिळालेलं नाही. म्हणून आम्ही सगळे पासवर्ड बदलले आणि ग्राहकांना पत्रं पाठवून झालेला प्रकार कळवला.