लाल रिंगच्या जागी पिवळी: ४० मीटर रिसीव्हर किटचा अनुभव

बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी २६ वर्षं इन्स्पेक्शनला होतो. हातात आलेला माल आधी तपासायचा, मग पुढं सोडायचा, ही सवय अंगात भिनलेली. हे किट मात्र पिशवी न उघडताच भाच्याला दिलं.

७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ४० मीटर बँडवर हॅम लोकांचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, बोलणं ऐकायचा, सुटे भाग आपणच जोडायचा हा छोटा रिसीव्हर. किंमत १,४५० रुपये. गेल्या वर्षी माझ्यासाठी घेतलेलं किट दोन संध्याकाळींत जोडून झालं. गच्चीवरून नारळाच्या झाडापर्यंत वीस मीटर तार ओढली आणि त्याच रात्री आवाज खणखणीत. त्या भरवशावर दिवाळीला खानापूरच्या भाच्यासाठी दुसरं मागवलं. आठवड्यानं त्याचा फोन: "मामा, सगळं जोडलंय, पण नुसती खरखर येतीय. काय चुकलंय कळंना की."

बोर्ड घेऊन घरी आला. भिंगाखाली बघितलं, एकही ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा टाका, नाही. पोरानं काम सुरेख केलेलं. मग माझा जुना बोर्ड शेजारी ठेवला. माझ्या कॉइलची रिंग, म्हणजे जिच्यावर तारेचे वेढे घालायचे ती, लाल; त्याची पिवळी. पिशवीवर मात्र रिंगचा प्रकार टी३७-२ असाच छापलेला. टी३७-२ लाल असते. पिवळी ती टी३७-६. आकार तोच, पण तेवढ्याच वेढ्यांत पिवळीवर इंडक्टन्स, म्हणजे सर्किट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर लागणार ते ठरवणारं कॉइलचं माप, पाऊणच भरतो. म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झवर लागायचं सर्किट ८.२ च्या आसपास जाऊन बसतं. बारीक जुळवणीचा ट्रिमर कितीही फिरवा, हाती लागणार नाही. १६ च्या जागी १८ वेढे घातले आणि तासाभरात आवाज आला. पण आठ दिवस तो पोरगा आपलंच काहीतरी चुकलं म्हणून तेच तेच टाके उकलत बसला होता, त्याचं मला फार वाईट वाटलं.

विक्रेत्याला फोन केला. माणूस सरळ आहे, लाल रिंगा लगेच पाठवल्या. म्हणाला, बोर्ड एकीकडून करून घेतो, पिशव्या भरायचं काम दुसऱ्याला दिलंय. लाल संपल्या म्हणून त्यांनी पिवळ्या घातल्या असणार. बोर्डवाले बोर्डवरची तांब्याची वाट तुटलीय का, दोन वाटा चिकटल्यात का, एवढंच बघतात. पिशवीत काय पडलं ते त्यांच्या नजरेला येतच नाही. मग बघायचं कुणी? आमच्याकडं मशीनिंग बाहेर दिलं तरी लॉटचा पहिला नग आमच्या टेबलावर पास झाल्याशिवाय पुढचे होत नसत, आणि कास्टिंगवर हीट नंबर असायचा. खोट निघाली तर कुठल्या ओतीतली ते लगेच कळे. या पिशवीवर लॉट नंबरसुद्धा नाही. अशा किती पिशव्या गेल्या, ते त्यालाही सांगता आलं नाही. प्रत्येक लॉटमधली एक पिशवी उघडून स्वतः जोडून बघितली असती तर हे दुकानातच सापडलं असतं.

व्हॉल्यूमच्या पॉटचे, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणाचे, पायही भोकांत नीट बसत नाहीत, थोडे वाकवावे लागतात. ते चालतं.

डिझाइन आणि माहितीपुस्तिका उत्तम, त्याला पाचपैकी पाच. भरणीला दोन. पिशवीवर लॉट नंबर दिसला की तिसरं मी शाळेतल्या मुलांसाठी घेईन. तोवर घेणाऱ्यांनी वेढे घालायच्या आधी रिंगचा रंग उजेडात धरून बघावा. ट्यूबलाइटखाली पिवळा चटकन लक्षात येतो.