अकराचा पंखा की तेराचा? ओबीएम बसवणाऱ्यांसाठी

फायबरच्या होडीला ४० घोड्यांचं फोर-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून टांगायचं आउटबोर्ड मशीन, घेतलं की देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्यावर प्रत्येकाचा सल्ला सुरू होतो. निम्मे म्हणतात तेरा पिचचा पंखा लाव, निम्मे म्हणतात अकरा. मी दोन्ही वापरलेत.

पिच म्हणजे पंखा पाण्यात अजिबात घसरला नाही असं धरलं तर तो एका फेऱ्यात किती इंच पुढे जाईल, तो आकडा. म्हणून कागदावर तेरा वेगवान. पण तो फिरवायला जोरही जास्त लागतो. पिच एक इंचाने उतरवला की फुल थ्रॉटलला साधारण १५० ते २०० आरपीएम (मशीनचे मिनिटाला फेरे) वाढतात.

माझ्या मशीनच्या पुस्तिकेत फुल थ्रॉटलला ५००० ते ६००० आरपीएम सांगितलेत. तेरा लावून आठ माणसं घेतली की आरपीएमचा काटा ४७०० ला अडकायचा, नाळ (होडीचं पुढचं टोक) आभाळाकडे, आणि होडी पाण्यावर चढायचीच नाही. अख्खा एक हंगाम मी तसाच रेटला. प्लग काळे पडले, पेट्रोलचा खर्च वेगळाच. अकरा लावल्यावर तेवढ्याच माणसांत ५१०० मिळाले. खरा फरक कळला तो कर्ली नदीच्या मुखाशी. तिथे वाळूच्या पट्टीवर लाट फुटते, मागून एखादी आलीच तर अकरावर थ्रॉटल देताक्षणी होडी पुढे ओढली जाते. रिकाम्या होडीत काटा ५७०० पर्यंत जातो, म्हणजे मर्यादेतच.

एकटादुकटा निवतीकडे गरवायला जाणार असाल तर तेरा घ्या, पुढे पळेल. पर्यटक किंवा जाळी न्यायची तर अकराच. जाळीवाला जाताना हलका असतो खरा, पण येताना नसतो.

अॅल्युमिनियम की स्टेनलेस? स्टेनलेसची पाती पातळ, पाण्यात कमी घसरतात, पण खडपावर आपटली तर धक्का गिअरपर्यंत जाऊ शकतो. अॅल्युमिनियम वाकतं, तुटतं, पण स्वस्तात बदलता येतं. आपल्याकडे मी तेच घेईन, आणि दुसरा पंखा, पाना, कॉटर पिन होडीतच ठेवीन.

मात्र पंख्याला दोष देण्याआधी मशीनची उंची बघा. उंची चुकली तर काट्यावरचा आकडाही फसवतो. होडीच्या तळाला सरळ पट्टी लावा. कॅव्हिटेशन प्लेट, म्हणजे पंख्याच्या लगेच वरची मशीनची आडवी पट्टी, त्या रेषेत किंवा जेमतेम इंचभर वर हवी. फार खाली असली तर पाणी ओढून धरतं. फार वर असली तर वळताना पंखा हवा खातो, मशीन किंचाळतं आणि होडी जागीच. मागची फळी १५ इंचांची असेल तर शॉर्ट शाफ्टचं (आखूड पायाचं) मशीन, २० ची असेल तर लाँग. इथे चुकलं तर पिच बदलून काही होत नाही.

मग कलाची पिन, म्हणजे मशीनचा पाय होडीकडे किती झुकवायचा ते ठरवणारी. मागे माणसं बसली असतील तर मशीन एक भोक आत घ्या, नाळ खाली येईल. वेगात नाळ डुलक्या घ्यायला लागली तरीही आतच घ्या. होडी हलकी असून नाळ पाणी कापत खाली दाबत असेल तर एक भोक बाहेर.

पंखा विकत घेण्याआधी कुणाकडून उसना आणून चाचणी करा, भरतीच्या दिशेने एकदा आणि उलट एकदा. नेहमीचं वजन होडीत हवंच. आठ माणसं मिळाली नाहीत तर पोती भरा. देवबागात वाळूला तोटा नाही.